पेटीमागची खिडकी

“पल्याडचं कायबी दिसायला नगं, असलं झाड द्या,” सारजाबाई म्हणाली.

रुद्रप्पानं मान वर केली. नवी पेठेतल्या त्याच्या दुकानात लोक यायचे ते माशांसाठी. पाण्यातल्या झाडासाठी एवढ्या तावातावानं आलेली बाई त्यानं पहिल्यांदाच पाहिली.

त्यानं टबातून लांब पट्ट्यांची एक जुडी उचलली. “ही व्हॅलिस्नेरिया. मागच्या काचंला लावा. गवतासारखी उंच जाती.”

“मधी फटी राहत्यात की.”

“मग हायड्रिला न्या. भराभर वाढती.”

“वाढंपतूर कोण थांबतंय? आजच दाट पायजे.”

रुद्रप्पानं कोपऱ्यातल्या हौदात हात घातला. कोल्ह्याच्या शेपटीसारख्या झुबकेदार काड्या वर आल्या. “कॅबोम्बा. आधी मासे काढून घ्या, मग चार-चार काड्या एका जागी वाळूत खोचा. पण आक्का, उजेड कमी पडला तर ही जगायची न्हाई.”

“मरू दे. दुसरी नेईन.”

घरातली माशांची काचेची पेटी तिचा नवरा नागनाथ यानं चादरीच्या कारखान्याच्या मालकाकडून मागून आणली होती. खिडकीतच मांडली. खिडकीपलीकडं मीनाबाईचं अंगण. मीनाबाई विधवा, त्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरणारी.

दिवाळीपासून नागनाथ घरी आला की पेटीपुढं बसायचा. नजर समोर, पापणी हलायची नाही. आधी पेपर वाचल्याशिवाय त्याला घास उतरत नसे. आता तो पेपरला हात लावत नव्हता. इतक्या वर्षांचा माग सोडून त्यानं आपणहून चादरींचे गठ्ठे बांधायचं काम मागून घेतलं होतं. कांड्या भरणाऱ्या बाया तिथंच शेजारी बसतात, हे सारजाबाईला मागाहून कळलं. संक्रांतीला ती नवं लुगडं नेसून त्याच्या पुढ्यात उभी राहिली, तर यानं अक्षर काढलं नाही.

आणि परवा मधल्या मारुतीच्या देवळापाशी, भर गर्दीत, तिनं पाहिलं, त्याचा हात मीनाबाईच्या खांद्यावर होता.

“येवढं काय बघत बसता?” तिनं त्या संध्याकाळी विचारलं होतं.

“मासं. दुसरं काय?” तो म्हणाला आणि मान फिरवली.

घरी येऊन तिनं पदर खोचला. रुद्रप्पानं सांगितलं तसं सगळं केलं. मागच्या काचेला काड्यांचे झुबके एकाला एक भिडवून लावले. वाळू ढवळली, पाणी गढूळलं. मग नवऱ्याच्या स्टुलावर बसून तिनं स्वतः पाहिलं. मीनाबाईचं अंगण, दोरी, दोरीवरचं पातळ, सगळं त्या हिरव्या गचपणात बुडालं होतं.

आता त्याचं तोंड बघायचं. ते पडलं, की उद्या सकाळी वैरागची एसटी गाठायची, भावाकडं. गाठोडं तिनं बांधून ठेवलं होतं.

दिवेलागणीला दारापाशी पावलं वाजली. दोघांची. “जावा आता,” असा मीनाबाईचा दबका आवाज आला. सारजाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला, पण ती चुलीपुढून उठली नाही.

नागनाथ आत आला. भिंतीला हात लावून चपला काढल्या, स्टूल ओढलं आणि बसला. रोजच्यासारखा. नजर समोर.

सारजाबाई त्याच्याकडं बघत राहिली. कपाळाला आठी नाही. झाडं कुणी लावली, म्हणून विचारणं नाही. उलट ओठांवर हसू आलं.

ती ताडकन उठली आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. “आता काय बघताय? आता काय दिसतंय तुमास्नी?”

“मासं की गं,” नागनाथ घाईघाईनं म्हणाला आणि पेटीकडं बोट केलं. “तो तांबडा बघ, कसा दुसऱ्याच्या मागं लागलाय. लई खोडील हाय.”

सारजाबाईनं त्याच्या बोटाकडं पाहिलं. मासे सगळे मोरीतल्या बादलीत होते.