दर रविवारी एक भाग

धाकट्याने कार्ब्युरेटर काढला, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळला आणि पिशवीत टाकला.

"हा इथे साफ व्हायचा नाही, दादा. घरी नेतो."

"ने की. पण पुढच्या रविवारी बसवून दे. मेळाव्याला चारच महिने राहिलेत," खुर्चीत रेललेला थोरला म्हणाला. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात त्याला ही मोटारसायकल उतरवायची होती. घरात फिटर असताना बाहेरचा कशाला शोधायचा?

"मी म्हटलंच होतं यांना, भावजी नाही म्हणायचे नाहीत," वहिनीने चहाचा कप पुढे केला.

भावजी नाही म्हणाले नव्हते, पण का, ते वहिनीला ठाऊक नव्हतं.

गाडी अप्पांची. लहानपणी धाकटा तिच्या टाकीवर बसून अप्पांबरोबर गावभर हिंडायचा. "ही पुढे तुझी बरं का," असं अप्पा त्याला शंभरदा म्हणाले असतील. अप्पा गेले तेव्हा तो परगावी काम शिकत होता. परतला तर गाडी थोरल्याच्या शेडमध्ये आणि शेडला कुलूप. स्वतःच्या लग्नात त्याने ती एका दिवसापुरती मागितली. थोरला सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाला, "खेळणं आहे का ते? मोडून ठेवशील." पाहुणे हसले. नवी नवरीही हसली. तिला बिचारीला काय कळणार? धाकटा ते हसणं बारा वर्षं विसरला नव्हता.

पुढच्या रविवारी त्याने लखलखीत कार्ब्युरेटर आणून बसवला. थोरला खूश. हा कार्ब्युरेटर दुसराच आहे, हे त्याला सात जन्मांत कळलं नसतं. आधीचा धाकट्याच्या मागच्या खोलीत स्वच्छ फडक्यावर ठेवलेला होता.

बेत साधा होता. दर रविवारी एक भाग दुरुस्तीला म्हणून न्यायचा आणि त्याच मॉडेलचा दुसरा आणून लावायचा. दिवा गेला, हँडल गेलं, चाकं गेली. गाढवाला गुळाची चव काय! थोरल्याला चकाकी दिसली की पुरे होतं.

"टाकीवर एक पोचा होता ना रे, दादा?" धाकट्याने एकदा विचारलं. "माझ्याच हातून पाना पडला होता."

"बुजवून घेतला केव्हाच," थोरला म्हणाला आणि चहा कुठवर आला ते बघायला उठून आत गेला.

म्हणजे आपली तेवढी खूणसुद्धा याने ठेवली नाही! धाकट्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशी टाकीही निघाली.

इंजिन आणि चेसिस मिळवताना मात्र त्याच्या नाकी नऊ आले. भंगारवाल्याकडे सहा चकरा झाल्या. सातव्या वेळी भंगारवाल्याने ढिगाच्या तळातून दोन्ही ओढून काढली.

"माझ्या वडिलांच्या वेळचं आहे. कोणीतरी गाडी आपटली आणि इथे आणून टाकली. बाकीचं सगळं विकलं गेलं, हे राहिलं. तुझ्यासारखा वेडा कधीतरी येईल म्हणून ठेवलं होतं."

चेसिस वाकलेली होती. धाकट्याने ती मापात सरळ केली, दोनदा तपासली. थोरला पडून मरावा असं त्याला मुळीच वाटत नव्हतं. थोरल्याने जगावं, आणि जगून भंगार मिरवावं! परीक्षक नंबर बघतात, म्हणून त्याने चेसिसवरचा नंबर तारेच्या ब्रशने घासून वर काढला. आकडे इतके गंजले होते की एकेक बोटाने चाचपावा लागला. शेवटचे तीन, सात-एक-चार, लागायला तर अख्खी दुपार गेली.

मग त्याने "रंगाला न्यायचीय" म्हणून थोरल्याची चेसिस इंजिनासकट टेम्पोत घातली आणि परत आणली ती ही भंगारातली. घरी राहिलेल्या चेसिसचा नंबर त्याने पाहिलासुद्धा नाही. स्वतःच्या बापाकडे कोणी ओळखपत्र मागतं का?

मेळाव्यात थोरल्याला पहिलं बक्षीस मिळालं. हातात माईक येताच त्याने गाडीच्या टाकीवर हात ठेवला. "ही आमच्या अप्पांची आठवण," तो म्हणाला. सगळ्यांत जोरात टाळ्या धाकट्याने वाजवल्या. बारा वर्षांत त्याला एवढा आनंद झाला नव्हता.

कोणाला सांगितल्याशिवाय त्याला आता घास गेला नसता. संध्याकाळी "अप्पांची गाडी माझ्याकडे आलीय, बघायला ये" म्हणून त्याने आत्याला घरी बोलावलं, मागच्या खोलीचं दार उघडलं आणि गाडीवरची चादर ओढली. सगळी हकीकत ऐकून आत्याने कपाळाला हात लावला. मग तिला हसू आवरेना.

"लबाडा! अरे, एकेक करून सगळी गाडी पळवलीस?"

"माझीच होती, आत्या."

"तुझीच रे बाबा. म्हणून तर हे आणलंय." आत्याने पर्समधून एक जीर्ण पुस्तक काढलं. "गाडीचं पुस्तक. तुझे अप्पा मला देऊन गेले होते. म्हणाले, गाडी धाकट्याच्या हातात आली की त्याला दे. थोरल्याने कितीदा विचारलं, मी दाद लागू दिली नाही."

धाकट्याचे डोळे भरून आले. त्याने टॉर्च घेतला आणि तो गाडीपाशी उकिडवा बसला.

"वाच, आत्या. चेसिस नंबर वाच. मी इथे जुळवतो."

आत्याने चष्मा लावला. एकेक आकडा सावकाश वाचत ती शेवटाकडे आली. "सात... एक... चार. जुळला का रे?"

टॉर्चच्या उजेडात शेवटचे आकडे दोन, आठ, नऊ होते. सात-एक-चारवर बसून थोरला दुपारीच बक्षीस घेऊन घरी गेला होता.