दोन सूर्यांची कथा

जीवराम नाना व्यासपीठावर बसले तेव्हा त्यांच्या मांडीवर लाल फडक्यात बांधलेली पोथी होती, आणि पोथीत ड्रॅगन होता.

समोर मारुती मंदिराचा मंडप कॉलनीतल्या बायाबाप्यांनी भरला होता. अधिक महिन्याची कथा सांगणाऱ्या महाराजांचा घसा बसला होता. म्हणून सकाळी भजनी मंडळाच्या धुरपदाबाई नानांच्या घरी आल्या होत्या. बाई मूळच्या धुळ्याकडच्या. बोलणं थोडं, पण ठाम. नाना रोज ओसरीवर फडकं सोडून दोन-दोन तास वाचत बसतात, हे येता-जाता सगळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हा आजचा दिवस नानांनी निभावून न्यावा, असं बाईंनी सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. नाही म्हणायला नानांना नेहमीच थोडा वेळ लागायचा. तेवढ्यात बाई गेल्यासुद्धा.

फडकं ही नानांचीच युक्ती होती. पाइपच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचे तेव्हापासून त्यांना परग्रहांचा, यानांचा, आग ओकणाऱ्या प्राण्यांचा नाद. निवृत्त झाल्यावर त्यांच्या बायकोने, सुनंदाबाईंनी बजावलं की नातवंडं झाली, आता असली पुस्तकं हातात बरी दिसत नाहीत. पुन्हा दिसली तर वाचनालयाचं कार्डच चुलीत घालीन. घरात चूल नव्हती, पण नानांनी ते मनावर घेतलं. पुस्तकं सोडली नाहीत. पोथीसारखी बांधून ठेवली. तेव्हापासून शेजारी वाटेत थांबून नमस्कार करू लागले. नानांना त्याची लाज वाटायची. पण वाचायला मिळत होतं.

सध्या फडक्यात एका कादंबरीचे पहिले दोन भाग होते. तिसरा भाग वाचनालयात आठ महिने मिळत नव्हता. कोणीतरी सभासद दर वेळी फोन करून मुदत वाढवून घेत होता. मग नानाही पहिले दोन परत करत नव्हते. तिसरा हाती आला की पहिल्या पानापासून सलग वाचायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

माइकसमोर बसल्यावर त्यांनी आधी खरं काय ते सांगून टाकलं. माझ्याजवळ पोथी नाही, मला क्षमा करा, असं ते अगदी स्पष्ट म्हणाले. त्यानंतर मंडपवाल्या लोटनने माइक चालू केला.

“हं, आता बोला नाना.”

पुन्हा एकदा खरं बोलण्याइतकं धैर्य नानांजवळ नव्हतं. भागवतातलं जे आठवत होतं ते चार मिनिटांत संपलं. मंडप वाट बघत होता. डोक्यात एकच गोष्ट होती. ती त्यांनी डोळे मिटून सुरू केली.

एका जगात दोन सूर्य होते. एक मावळला की दुसरा उगवायचा. मे महिना चालू होता, त्यामुळे जळगावकरांना त्यात अशक्य असं काही दिसलं नाही. त्या जगात एकच तळं उरलं होतं आणि त्यावर पंख असलेल्या एका सर्पाचा पहारा होता. सर्पाचं नाव निघताच मागे एका म्हातारीने हात जोडले. मग ईरा नावाची एक मुलगी विमान घेऊन पाणी आणायला निघाली. पाण्यासाठी बाईच निघाली, यावर बायका एकमेकींकडे बघून हसल्या.

नानांनी डोळे उघडले. लोक ऐकत होते. इतकी वर्षं हे जग त्यांनी एकट्याने पाहिलं होतं. त्यांचा आवाज आपोआप चढला. हात हलू लागले. मध्येच कोणीतरी नळाला पाणी आल्याचं सांगून गेलं, तरी एकही बाई उठली नाही.

फक्त धुरपदाबाईंचं काहीतरी बिनसलं होतं. ईराचं नाव आलं तशी त्यांची जपमाळ थांबली होती. डोळे बारीक झाले होते. मांडीवरची पिशवी त्यांनी पोटाशी घट्ट धरली होती. बाईंनी ओळखलं, नानांच्या मनात आलं. आता त्या सुनंदाला सांगणार. ओसरी गेली, कार्ड गेलं. तिसरा भाग आता या जन्मी नाही.

तरी त्यांना थांबता येईना. ईरा तळ्याकाठी उतरली. मागे विमानाचं दार बंद झालं. पाण्यातून सर्प वर आला आणि त्याने तोंड उघडलं.

दुसरा भाग तिथे संपत होता.

“मंग काय व्हयनं, नाना?” मागून एका आजींनी विचारलं.

“मला माहीत नाही,” नाना म्हणाले. या वेळी माइक चालू होता.

मंडपात कुजबुज सुरू झाली. पोथी वाचणाऱ्याला पुढचं माहीत नाही, म्हणजे काय? आता लपवण्यात अर्थ नव्हता. नानांनी फडक्याची गाठ सोडायला घेतली.

धुरपदाबाई उठल्या. व्यासपीठावर येऊन त्यांनी नानांचा हात गाठीवरून बाजूला केला. आपल्या पिशवीतून एक पोथी काढली. तीही लाल फडक्यातच होती, फक्त जाडीला निम्मी. चष्मा पुसून त्यांनी नाकावर चढवला. मग माइकवर तळहात ठेवून त्या नानांच्या कानाशी वाकल्या.

“आठ महिना व्हयनात, तिसरा भाग धरी बठेल शे मी. पहिला दोन कोन दाबी बठेल व्हता, ते आज समजनं. आते सरका, पुढलं मी वाचस.”