चंद्रीची धार

सत्तरीला टेकलेल्या साहेबरावांनी बायकोचं लुगडं नेसलं, डोक्यावरून पदर घेतला, झुबकेदार मिशा त्यात कोंबल्या आणि बादली घेऊन ते गोठ्यात शिरले. चंद्री म्हशीने एकदा मान वळवून पाहिलं आणि शेपटीचा फटका त्यांच्या तोंडावर दिला.

"तिला काय आंधळी समजता व्हय?" दारात बसलेली त्यांची बायको प्रयागबाई म्हणाली. बऱ्याच दिवसांनी ती हसली होती.

आमवाताने तिची मनगटं सुजली होती, बोटं वाकडी झाली होती. धार काढणं बंद करा, असं बारामतीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. पण चंद्री दुसऱ्या कुणाच्या हाताला पान्हा सोडत नव्हती. दोन गडी लाथा खाऊन गेले. कालपर्यंत प्रयागबाईच रडत रडत धार काढत होती. शेवटी म्हैस विकायचं तिनेच ठरवलं. बावड्याचा व्यापारी आज न्यायला येणार होता. ठरवलं खरं, पण वगार असल्यापासून वाढवलेलं जनावर. तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

साहेबराव कासेशी बसले. चंद्रीने पाय झाडला. बादली गडगडत गेली.

"अवं, नुसतं लुगडं बघून पान्हवती का ती? थांबा." प्रयागबाई उठली. चंद्रीजवळ जाऊन तिने दोन्ही सुजलेले हात तिच्या मानेवर ठेवले. कालच्या धारेने हात पार आखडले होते; खाजवणं जमत नव्हतं, थोपटणं जमत नव्हतं. नुसते ठेवले. "सोड गं बया. आपलंच मानूस हाय. येडं हाय, पर आपलं हाय."

चंद्री बराच वेळ तशीच उभी राहिली. मग तिने मोठा श्वास सोडला आणि साहेबरावांच्या मुठीत सड भरून आले. बादलीत पहिली धार वाजली, तशी प्रयागबाईला रडू आलं.

बादली निम्मी होते न होते तोच बाहेर पिकअप थांबली. व्यापारी गोठ्यात डोकावला आणि पोट धरून हसू लागला.

"तात्या, ह्यो काय अवतार?"

"म्हस द्यायची न्हाय," साहेबराव जागचे न उठता म्हणाले. "च्या घ्या आन् जावा."

"ऱ्हायलं! पर निऱ्या काय चापून बसल्यात वो! असं लुगडं नेसायला शिकवलं कुनी तुमाला?"

साहेबराव खाली मान घालून धार काढत राहिले. हे कुणाला सांगायचं नाही म्हणून प्रयागबाईने त्यांना शपथ घातली होती.

तिने चंद्रीच्या मानेवरचे हात काढले नाहीत.

"शिकवायचं काय त्यात," ती म्हणाली. "माझ्या हातानं निऱ्या धरवत न्हाईत. रोज सकाळी त्येच नेसवत्यात मला."