वहीत नसलेली सात इंजिनं

ते २०१६ साल. उमरग्याच्या हायवेवर योगीराज मालकांचे साठ ट्रक होते. त्यांच्या वर्कशॉपात मैथिली सहा आठवडे लॅपटॉप उघडून बसली होती. राखीव इंजिनं किती ठेवायची, हे संगणकावर मांडायचं काम तिला दिलं होतं. जुन्या वह्या संपत नव्हत्या.

दाराशी वीरभद्रप्पा, सगळ्यांचे आप्पा, वेल्डिंग करत. तडकलेले इंजिन ब्लॉक सांधायचे, तीस वर्षं तेच. डोळ्यांना पाणी यायचं. नीट दिसत नसे, म्हणून काळी काच धरून ते ठिणगीवर अगदी वीतभर अंतरावर वाकत. मालक म्हणाले होते, "संगणक काय म्हणतो बघू. मग आप्पांना ठेवायचं का सोडायचं, ते ठरवू."

रोज संध्याकाळी आप्पा विचारत, "काय म्हणतंय बाई, तुमचं यंत्र?"

"अजून काही नाही, आप्पा."

मान हलवून ते सायकल काढत. म्हाताऱ्याचं काम आपल्या हातून जाणार, असं मैथिलीला वाटे.

हिशेब जुळत नव्हता. ड्रायव्हरांच्या वहीत वर्षाला अकरा इंजिनं निकामी. त्यांच्या जागी स्टोअरमधून बाहेर गेलेली राखीव इंजिनं मात्र चार. मग एका दुपारी तिनं पाहिलं, आप्पांनी सांधलेला ब्लॉक थेट त्याच ट्रकमध्ये परत बसला. स्टोअरमधून काही गेलं नाही, म्हणून स्टोअरच्या वहीत काही आलं नाही.

तिनं अहवाल दिला: एक माणूस वर्षाला सात इंजिनं वाचवतो. मालकांनी तो दोनदा वाचला. "मग आप्पांना कसं सोडायचं?"

ती धावत दाराशी गेली. "आप्पा, तुमचं काम पक्कं झालं."

आप्पांनी होल्डर खाली ठेवला. डोळे पुसले.

"डागदरनं दोन वर्सामागंच बंद करा म्हणलंय, बाई. मालक सोडंनात. त्यांच्या वडलानं हे काम हातात दिलं, त्यांचा सबूद माझ्यानं मोडवत न्हाय. म्हणलं, यंत्र तरी सोडंल."

"मी मालकांना सांगते."

"ऱ्हाऊ द्या. तुमी खरं तेच लिवलं."

योगीराज मालकांनी पुढं ट्रक विकले. तोवर आप्पांनी आणखी तीन वर्षं वेल्डिंग केलं. आप्पा आता नातीला आवाजावरून ओळखतात. मैथिली पुण्यात वेल्डिंगच्या आर्कचा अभ्यास करते. त्याचा उजेड डोळ्यापर्यंत किती पोचतो, ते संगणकावर मांडते. बाकी सगळे आकडे ती बदलून बघते. चेहरा आणि ठिणगी यांतलं अंतर मात्र तिनं एकच ठेवलंय. एक वीत.