वाटेतला काळा दगड

“आई गं, काय चढ आहे!” मराठी ऐकून मी वळले. पुण्याहून मॉरिशस बघायला आलेली मुलगी होती. मी काळ्या दगडापाशी चपला काढत होते.

“आजी, इथे देऊळ आहे?”

“नाही गं, आमचं घर होतं. हा उंबरा. तू चुलीवर उभी आहेस.”

ती दचकून सरकली.

विझलेल्या ज्वालामुखीच्या या उतारावर आम्ही पाच भावंडं वाढलो. वादळाने घर नेलं, भावंडं फ्रान्सला गेली. पायवाट आता पर्यटकांची. मी दर रविवारी एकटीच चढते. लोक उंबरा तुडवत समुद्राचे फोटो काढतात.

मुलीने उंबऱ्याबाहेर जाऊन बूट काढले. “येऊ का आत?”

चुलीशेजारची जागा मी घाईघाईने पदराने झटकली.