आमच्या टेबलावरचा बल्ब

माझ्या लेकाला दुसऱ्याच्या हातात काही राहिलेलं बघवत नाही. वाचनालय दर रविवारी मुलांना घरच्यांसकट विज्ञानाचे प्रयोग करायला बोलावतं. आम्ही दोघं त्याच्या लेकीला घेऊन गेलो, तिथेही तेच. प्रत्येक टेबलावर सेल, तार आणि इवलासा बल्ब ठेवला होता. पेटवायचा पोरांनीच, मोठ्यांनी नुसतं बघायचं. आजूबाजूचे सगळे बल्ब पेटले, आमचाच मेला ढिम्म. नातीचे कान लाल झाले. "दे इकडे, तुला नाही जमायचं," म्हणत लेकाने हात घातला, तशी पोरीने तार सोडून हात मांडीत लपवले. मी त्याचं मनगट धरलं. सगळं वाचनालय आमच्याकडे बघायला लागलं. नातीने माझ्याकडे पाहिलं, तार उचलली, निरखली आणि टोकावरचा वीज अडवणारा रंग नखाने खरवडला. बल्ब पेटला. "मी तेच सांगणार होतो," लेक पुटपुटला. मी म्हणाले, "पुढच्या रविवारी तूही ये बाबा, पण हात घरी ठेवून ये."