दोन हॉर्न

आमोद गेल्यापासून गाडी पार्किंगमध्येच उभी होती. संध्याकाळी एक जण ती विकत घ्यायच्या इराद्यानं बघायला येणार, म्हणून तनयानं बॅटरीवाल्या उत्तरेश्वरला बोलावलं होतं. गाडी एकदाची जावी आणि आपल्याला गाढ झोप लागावी, एवढंच तिच्या थकल्या जिवाला हवं होतं.

बॅटरीच्या टर्मिनलवर हिरवट पांढरा क्षार फुलला होता.

"मॅडम, अधनंमधनं चालू करून ठेवायला पाहिजे हुती."

"ते नवरा करायचा."

उत्तरेश्वरनं आधी निगेटिव्हची वायर सोडली, मग पॉझिटिव्हची, आणि जड बॅटरी उचलून फरशीवर ठेवली.

तेवढ्यात हॉर्न वाजला. दोनदा, आखूड.

गेटातून आत शिरताना आमोद असाच वाजवायचा. तो ऐकला की वर त्याची आई चहाचं आधण ठेवायची.

उत्तरेश्वर रिकाम्या खोबणीकडं बघत राहिला. "बॅटरी तर भाईर हाय," तो हळूच म्हणाला.

"तुम्ही नवीन बसवा," तनया म्हणाली. "उशीर होतोय."

वरच्या स्वयंपाकघरात गॅस पेटला. आमोद गेल्यापासून आईंनी चहा केला नव्हता. आता त्या गॅलरीत आल्या, पदराला हात पुसत वाकून खाली बघू लागल्या. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा निवांत दिसत होता.

"तनया, तिथं काय उभे राहिलात? गाडी लॉक करा आणि तिघंही वर या. चहा टाकलाय."

तनया आणि उत्तरेश्वरच्या पाठीमागं गाडीची चारही दारं खट्कन लॉक झाली.